शेऱ्याचा रकाना

गेल्या महिन्यात आमच्या थोरल्या बहिणीची नात पेढे घेऊन घरी आली. नगरनियोजनाची पदव्युत्तर पदवी घेऊन ती नुकतीच शासनाच्या वाहतूक नियोजनाच्या कामावर रुजू झाली आहे. पेढा हातावर ठेवून ती नमस्काराला वाकली, तेव्हा तिच्या मुद्रेवर नव्या नोकरीचे तेज दिसेल अशी आमची अपेक्षा होती; दिसला तो शीण. "काम काय देतात?" असे विचारताच ती म्हणाली, "मोजायचं, आजोबा, दुसरं काय! चौकातल्या कॅमेऱ्यानं टिपलेल्या चित्रफिती पाहायच्या, यंत्रानं गाड्या बरोबर मोजल्या आहेत की नाही ते तपासायचं आणि आकडे तक्त्यात भरायचे. याच्यासाठी का मी एवढी वर्षं शिकले?"

तिची आजी आमच्याकडे पाहून गालातल्या गालात हसली. त्या हसण्याचे कारण आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी, याच इंदुरात आणि याच घराच्या ओटीवर, आम्ही आमच्या वडिलांपुढे हीच तक्रार मांडली होती, आणि तीही जवळजवळ याच शब्दांत.

इंदूरच्या महाराष्ट्रीय कुटुंबांत सरकारी नोकरीचे अप्रूप संस्थानी काळापासूनचे. आमच्या वडिलांची उमेदीची वर्षे होळकर दरबारच्या चाकरीत गेली होती. संख्याशास्त्राचा विषय घेऊन आम्ही पदवीधर झालो आणि १९७८ सालच्या दिवाळीनंतर रस्ते-वाहतुकीच्या एका सरकारी कचेरीत आम्हांला काम मिळाले, तेव्हा वडिलांनी साऱ्या रामबागेत सांगून टाकले की, "मुलगा आता इंदूरचे रस्ते आखणार." प्रत्यक्षात आम्हांला मिळाली ती एक लाकडी पाटी, तिला लोखंडी चिमटा, सुतळीने बांधलेली शिसपेन्सिल, छापील नमुन्यांचा एक गठ्ठा आणि घडीची खुर्ची. हुद्दा गणकाचा, वेतन रोजंदारीचे. बसण्याची जागा शहराबाहेर, आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेला, एका कडुनिंबाखाली. त्या वेळी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता.

काम ऐकायला अगदी सोपे. सलग सात दिवस, दिवसाचे चोवीस तास, रस्त्यावरून जाणारे प्रत्येक वाहन मोजायचे. वर्षातून दोनदा मोजणी. एकदा सुगीच्या धामधुमीत आणि एकदा रस्ते निवांत असताना. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. नमुन्यात आडव्या ओळी तासांच्या आणि उभे रकाने वाहनांचे: मोटारी व जीपगाड्या, बसेस, मालट्रक, स्कूटरी व मोटारसायकली, तीनचाकी, सायकली, टांगे, बैलगाड्या, हातगाड्या. वाहन आले की त्याच्या रकान्यात एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावर तिरपी. पाचांचा एक जुडगा. सर्वांत शेवटी एक अरुंद रकाना होता, त्यावर हिंदीत 'कैफियत' असे छापलेले. आपण ज्याला शेरा म्हणतो तो.

रेघा मारणे झाले की कचेरीत बसून त्यांची एकके करावी लागत. रस्ता मोटारीच्या मापाने मोजण्याची ही रीत प्रथम शिकलो तेव्हा आम्हांला हसू आवरेना. एक मोटार म्हणजे एक एकक. स्कूटर अर्धी आणि सायकलही अर्धीच. बस किंवा मालट्रक म्हणजे तीन मोटारी. टांगा चार मोटारींएवढा, आणि बैलगाडी म्हणजे चक्क आठ! बैलगाडीचा हा बहुमान तिच्या योग्यतेबद्दल नव्हे, तिच्या मंद चालीबद्दल. मागे खोळंबून राहणाऱ्या मोटारींची ती किंमत होती. हे कोष्टक इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे. मोटारी वाढू लागल्या तेव्हा देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. तिच्या शिफारशींच्या ओघात १९३४ साली ही संस्था उभी राहिली. एका मराठी कायदेपंडिताने लावलेल्या झाडाची फळे आपण वेचतो आहोत, एवढाच काय तो आमच्या मनाला दिलासा.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती आम्ही पुष्कळ वर्षे घरातही सांगितली नव्हती.

पौषातली रात्र होती. माळव्याची थंडी ज्यांनी उघड्यावर काढली आहे त्यांना तिचे वर्णन नको, आणि ज्यांनी काढली नाही त्यांना वर्णनाने ती कळणार नाही. रात्रपाळी आमची होती. तीनच्या सुमारास घोंगडी डोक्यावरून घेतली ती, डोळे उघडले तेव्हा पाच वाजून गेले होते. मांडीवरच्या पाटीवर दोन ओळी कोऱ्या करकरीत. पोटात गोळा आला. पहाटेच्या पाळीला आलेला सोबती आमच्याहून अनुभवी होता. तो म्हणाला, "आधीच्या रात्रींची सरासरी काढून टाका भरून. रात्री तीन वाजता कोण बघायला येतो?" आम्ही संख्याशास्त्राचे पदवीधर, सरासरी काढणे हेच काय ते आम्हांला येत होते. आधीच्या पाच रात्रींचे आकडे घेतले, भागाकार केला आणि त्या दोन तासांत चाळीस वाहने बसवली. मालट्रक एकतीस, बसेस सहा, बैलगाड्या तीन. रेघाही मोठ्या सुबक मारल्या.

पंधरवड्याने कोष्टके करण्याचे काम आले. आमच्या कचेरीत जुने प्रधान कारकून होते. सारे त्यांना बडे बाबू म्हणत. माळव्यातच जन्मलेले, शिक्षण बेताचे, पण आकड्याकडे ते सोनाराने नाण्याकडे पाहावे तसे पाहत. आमचा कागद त्यांनी उजेडाकडे धरला. मग एवढेच म्हणाले, "बेटा, उस रात हाट की गाड़ियाँ नहीं आईं?"

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. त्या रात्री खेड्यांतल्या बैलगाड्या शहराकडे यावयाच्या. ही गोष्ट रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या कुत्र्यालाही ठाऊक असेल. सरासरीला ठाऊक नव्हती. आम्ही खाली मान घातली. ते रागावले नाहीत, वर तक्रारही केली नाही. पुढल्या आठवड्यात बाजाराच्या आदल्या रात्री दोन वाजता ते आमच्या दाराशी सायकल घेऊन उभे राहिले. साठीला टेकलेला माणूस डोक्याला मफलर गुंडाळून आमच्याबरोबर त्या कडुनिंबाखाली पहाटेपर्यंत बसला.

तीनला पहिली गाडी आली. आसाखाली टांगलेला कंदील आधी दिसला, मग घुंगरांचा आवाज, मग बैलांच्या श्वासाची वाफ. एकामागून एक गाड्या येतच राहिल्या. गाडीवान बहुतेक झोपलेले. वाट बैलांना पाठ. पाच वाजेपर्यंत आम्ही एकतीस गाड्या मोजल्या. आमच्या कागदावर होत्या तीन. अठ्ठावीस गाड्या, गुणिले आठ: आमच्या एका डुलकीने सव्वादोनशे मोटारींएवढी वाहतूक गिळली होती. हा हिशेब आम्ही तेथेच मनातल्या मनात केला आणि थंडीतही कानशिले तापली.

पण त्या रात्री आम्हांला खरे दिसले ते वेगळेच. गाड्यांच्या मधून आणि कडेने माणसे चालत होती. डोक्यावर मेथी-पालकाच्या टोपल्या घेतलेल्या बाया, सरपणाच्या मोळ्या, खांद्यावर कावडी घेतलेले म्हातारे. गाड्यांचे आवाज थांबले की त्यांच्या अनवाणी पायांचा आवाज ऐकू येई. आमची पेन्सिल हवेतच राहिली. एवढ्या रात्री आम्ही त्याच जागी बसलो होतो आणि ही माणसे आम्हांला दिसली नव्हती. कारण नमुन्यात त्यांना रकाना नव्हता, आणि जे रकान्यात नाही त्याकडे पाहण्याची सवय एका महिन्यातच आमच्या डोळ्यांनी सोडून दिली होती.

"इनको कहाँ लिखें?" आम्ही विचारले.

"खाना तो नहीं है," बडे बाबू म्हणाले, "कैफियत में लिखो."

आम्ही शेऱ्यात लिहिले, 'पैदल यात्री बहुत'. त्यांनी पाटी पुढे ओढून तो शब्द खोडला. "बहुत कितना होता है? गिनो." मग आम्ही मोजू लागलो.

आपण वाचकांपैकी ज्यांचा या कामाशी संबंध आला नसेल त्यांना वाटेल, की दोन तासांच्या चुकीने असे कोणते आभाळ कोसळणार होते? तर त्याचाही हिशेब ऐकावा. रस्ता आजच्यासाठी बांधत नाहीत. पंधरा-वीस वर्षांनंतरच्या वाहतुकीसाठी बांधतात. म्हणून आजच्या आकड्यात दरसाल अमुक टक्के वाढ धरून तो पुढे नेतात. साडेसात टक्के धरली तर वीस वर्षांत आकडा सव्वाचारपट होतो. आम्ही घोंगडीत झोपून निर्माण केलेली चाळीस वाहने वीस वर्षांनंतरच्या रकान्यात एकशे सत्तर होऊन धावू लागली असती. त्यांच्यासाठी डांबर पडले असते, झाडे तुटली असती, कोणाच्या तरी शेताची कड गेली असती. खोटा आकडा असा वाढत जातो. आणि ज्याचा आकडाच लिहिला नाही त्याचे काय? शून्याला साडेसात टक्क्यांनी वीस वर्षे वाढवा, नाहीतर शंभर वर्षे वाढवा. उत्तर शून्यच येते. कागदावर पायी चालणारा माणूस १९७८ साली नव्हता, म्हणून तो १९९८ सालीही असणार नव्हता.

हे शहाणपण आम्हांला त्या रात्री आले असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. ते आले आणखी काही वर्षांनी, आणि ते आमच्या आईने दिले.

पुढे आम्ही कायम झालो. शहरातल्या रस्त्यांच्या मोजण्या सुरू झाल्या, त्यांत आमच्या घराबाहेरचा रस्ताही आला. तो आम्हीच मोजला. बडे बाबूंची शिस्त अंगी बाणली होती, तेव्हा शेऱ्यात पायी जाणारेही आकड्यांत लिहिले: सकाळी शाळेची मुले, पाळी बदलताना गिरण्यांतून येणारे-जाणारे कामगार, देवदर्शनाला निघालेली म्हातारी माणसे. परंतु अहवालाची स्वच्छ प्रत करताना शेऱ्याचा रकाना गळतो. त्याची बेरीज होत नाही, त्याला एकक नाही, आणि तक्ता कागदाच्या रुंदीत बसवायचा असतो. ती स्वच्छ प्रतही आम्हीच केली. अक्षर चांगले म्हणून आमच्याकडे आली होती.

१९८३ साली रस्ता रुंद झाला. ओट्यांपुढची झाडे गेली, झाडांखालची पायवाट गेली, आणि गाड्या खरोखरच वेगाने जाऊ लागल्या. काम कोष्टकाप्रमाणे चोख झाले होते. आमची आई रोज पहाटे रस्त्यापलीकडच्या राममंदिरात जात असे. ती दोन दिवस कडेपर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्या दिवशी आम्ही हात धरून पलीकडे नेऊन सोडले. पण कचेरीला जाणारा मुलगा रोज किती दिवस नेणार? मग तिने जाणेच सोडले. ओटीवर उभी राहून, गाड्यांच्या वरून, ती कळसाला हात जोडी.

एके दिवशी संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता तिने सहज विचारले, "काय रे, रस्ता करताना तुम्ही सगळं मोजता ना?"

"मोजतो," आम्ही म्हणालो.

"मग त्यात मी होते का?"

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. "होतीस, आई. शेऱ्यात होतीस," हे उत्तर आमच्या ओठांवर आले आणि तेथेच विरले. शेरा म्हणजे काय हे तिला समजावून सांगता आले असते. तो आम्ही का गाळला हे सांगता आले नसते.

नंतरच्या काळात आम्ही थोडेफार वाचले. आपल्या इंदूरचा पहिला मोठा आराखडा १९१८ साली होळकर दरबारसाठी स्कॉटिश नियोजनकार पॅट्रिक गेडीस यांनी तयार केला, हे पुष्कळांना माहीत असते. मूळचा जीवशास्त्रज्ञ असलेल्या या माणसाचा आग्रह असा, की आधी पाहणी, मागाहून आराखडा; आधी निदान, मागाहून उपचार. गल्लीबोळांतून स्वतः पायी हिंडल्याशिवाय त्यांनी शहराबद्दल मत दिले नाही, आणि घाऊक पाडापाडी करून सरळ रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध असे. म्हणजे बडे बाबूंनी आम्हांला कडुनिंबाखाली बसवून जे शिकवले ते साठ वर्षांपूर्वी याच शहरात दोन खंडांत छापून ठेवलेले होते.

काळ बदलला तसे कागदही बदलले. रस्त्यांवरून वाहने नव्हे, माणसे नेणे हे नियोजनाचे उद्दिष्ट आहे, असे २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने स्पष्ट म्हटले. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योगाबाहेरच्या कामकऱ्यांना विचारले गेले की, तुम्ही कामावर कसे जाता? जे घराबाहेर पडून कामावर जातात त्यांच्यात पायी जाणाऱ्यांचा वाटा इतर कोणत्याही एका साधनाहून मोठा निघाला. आमच्या शेऱ्याच्या रकान्यात देशाचा सर्वांत मोठा प्रवासी वर्ग बसला होता तर! आणि आपल्या शहरातली ताजी गोष्ट तर सर्वांच्या डोळ्यांपुढची. आग्रा-मुंबई रस्त्यावर २०१३ साली बससाठी सुमारे साडेअकरा किलोमीटरची राखीव मार्गिका सुरू झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती काढून टाकण्याचा आदेश झाला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. पण आम्हा जुन्या गणकाला तो वाद मुळात मोजण्याचा वाटला: रस्त्याची रुंदी गाड्यांच्या संख्येने वाटावयाची, की गाड्यांतल्या माणसांच्या संख्येने?

आणखी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे मन मोकळे होईल. बढती मिळता मिळता एके काळी नमुने छापून घेण्याचे काम आमच्याकडेच आले. पादचाऱ्यांचा स्वतंत्र रकाना आम्ही दोन मोजण्यांत घातला. तिसऱ्या वेळी कागद अपुरा पडला, वरून घाई झाली, आणि तो रकाना कोणी सांगितले नसतानाही आम्हीच गाळला. दोष नेहमी वरच्यांचा असतो असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हे सारे आम्ही नातीला सांगितले. तिला उपदेश करण्याची इच्छा नव्हती. पण तिच्या कामाला ती हलके समजते आहे हे आम्हांला सहन होईना. आम्ही म्हणालो, "हे बघ, तुझ्या वर जे बसतात, अभियंते, सचिव, मंत्री, ते सगळे तुझा कागद पाहतील. रस्ता कोणीच पाहणार नाही. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत रस्त्याकडे पाहण्याचा पगार मिळतो तो फक्त सर्वांत खालच्या माणसाला. पुढं तू मोठी होशील, तेव्हा हा अधिकार तुझ्याकडून जाईल."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमचं यंत्र पायी चालणारेही मोजतं, आजोबा. पण वरून जो तक्ता मागवतात त्यात त्यांचा रकानाच नसतो. तो आकडा यंत्रातच पडून राहतो. आणि हातगाडीला तर यंत्र 'इतर' म्हणतं."

पन्नास वर्षांत पेन्सिल जाऊन कॅमेरा आला आणि शेवटी गाडे तेथेच अडलेले! आम्हांला हसावे की रडावे ते कळेना. "तक्त्याच्या शेवटी शेरा आहे?" आम्ही विचारले.

"आहे. कोणी भरत नाही."

"तू भर. पण 'पुष्कळ' असं लिहू नकोस. आकडा लिही. आणि स्वच्छ प्रत करायला दुसऱ्या कोणाला देऊ नकोस."

पेढ्यांचा डबा मिटता मिटता ती थांबली. "त्या थंडीतल्या रात्री तुम्ही मोजलेली माणसं किती होती, आठवतं का?"

"एकसष्ट," आम्ही म्हणालो. "आमच्या हिशेबानं साठच होती. पण एका बाईच्या कडेवर पोर होतं. ते चालत नव्हतं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. बडे बाबूंनी परत पेन्सिल हातात दिली."